जतनबाईंचं माप

केनवडच्या बाजारात तराजू पुष्कळ होते, पण गावानं मानलेलं माप एकच. ते नथमलशेठच्या कापडदुकानामागच्या घरात, चुलीपुढं पाटावर बसलेलं असायचं. जतनबाई, नथमलशेठची बायको. पुढं शेठ वारले, दुकान मुलाकडं, घेवरचंदकडं, आलं. माप मात्र जतनबाईंकडंच राहिलं. घरात खाणारी बारा-चौदा तोंडं, त्यात दुकानातले गडी, त्यात रिसोडहून न सांगता उगवणारे पाव्हणे. तरी दिवस मावळला की जतनबाईंच्या घरातली सगळी पातेली घासूनपुसून पालथी. उरलं म्हणून काही नाही, पुरलं नाही म्हणून कोणी नाही.

याला कोणी कंजूषपणा म्हणत. तोही थोडा होताच, पण मूळ होतं धर्मात. जैनाच्या घरी रांधलेलं अन्न रात्र ओलांडत नाही. काल शिजलेलं ते बासी; बासीत जीव पडतात, म्हणून ते खायचं नाही. आणि अन्न टाकणं हेही पापच. ही दोन पापं समोरासमोरच्या दारांत उभी. मधे जो बोळ राहतो त्यातून जतनबाईंनी उभा संसार अंग चोरून काढला.

त्यासाठी त्यांच्याकडं युक्त्या होत्या. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. टरबुजाचा लाल भाग मुलांनी खाल्ला की पांढऱ्याची भाजी फोडणीला पडायची. दुपारची डाळ राहिली तर संध्याकाळच्या कणकेत मिसळून तिचे पराठे. पोळ्या राहिल्याच तर दिवसाउजेडी तव्यावर फडक्यानं दाबून दाबून त्यांचे असे कडक खाखरे करायच्या की घेवरचंदची मुलं त्यांना घरातली कौलं म्हणत. पण ही सगळी डागडुजी. खरी कला होती ती मुळात मोजून रांधण्याची. दुकानातून येणाऱ्या माणसाचं तोंड पाहूनच त्या पीठ काढत. "आज घेवर कोनाशी तरी भांडून आला. दोन पोळ्या जास्त लागतीन." आणि लागत! सुखात माणूस कमी खातो, रागात जास्त, आणि सासुरवाडीहून परतलेला अजिबात खात नाही, हे शास्त्र त्यांनी स्वतः बसवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तर आसपासच्या बाया त्यांच्याकडं शिकायला येत. जतनबाई सांगत, "मापाले डोळा लागते, वाटी नाई."

त्या डोळ्यापुढं सून प्रेमाबाई रोज सकाळी परात घेऊन उभी राही आणि विचारी, "माजी, पीठ किती काढू?" धनजची पोर. लग्न होऊन आली तेव्हापासून हाच प्रश्न. तिला आता स्वतःची लग्नाच्या वयाची मुलगी होती, पण पीठ सासूला विचारूनच निघत होतं. (घरात हे सगळं मारवाडीतून चाले आणि उंबऱ्याबाहेर वऱ्हाडीतून, आपण उंबऱ्याबाहेरूनच ऐकतो आहोत, तेव्हा वऱ्हाडीतच ऐकू.)

मग घेवरचंदनं अकोल्याहून फ्रीज आणला.

बैलगाडीतून तो उतरवला तेव्हा पाहायला अर्धं केनवड जमलं. शेतकरी देवमन गेली कित्येक वर्षं या दुकानात धोतरजोडी घ्यायला येई. संध्याकाळी, फ्रीज सुरू झाल्यावर, त्यानं त्याच्या दाराला कान लावला. "शेठ, हे घरघर करून राह्यलं. आत कोन निजलं?"

"बर्फ बनते त्यात, देवमन."

"बर्फ? अन् त्याचं करता काय?"

घेवरचंदनं आतली बाटली काढली. त्यानं गार पाण्याचा पेला दिला. देवमननं एक घोट घेतला, दात धरले आणि म्हणाला, "वा! पैसे देऊन दात दुखवून घ्याची सोय."

जतनबाईंनी त्याच दिवशी कायदा सांगितला. पाणी ठेवा, दूध ठेवा, पोरांना बर्फ चोखू द्या. शिजलेला कण त्या कपाटात जाणार नाही. त्या स्वतः त्याच्या दाराला कधी हात लावत नसत. एकदा लावला होता, तर दार उघडताच आत दिवा लागला. "कोनी तरी आत जागं बसलं हाय," म्हणून त्या मागं सरल्या, त्या कायमच्याच.

पुढच्या पर्युषणात, जैनांच्या व्रताच्या आठ दिवसांत, जतनबाईंनी अठाई धरली. अठाई म्हणजे सलग आठ दिवसांचा उपास. दिवसा उकळलेलं पाणी, बस. ही त्यांची मनातली फार जुनी गोष्ट. दर वर्षी स्वयंपाकघर आडवं येई, कारण उपाशी माणसानं चुलीपुढं बसून चौदा पोटांचं माप काढायचं कसं? आता गुडघेही बोलू लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, असं म्हणून त्यांनी पाट सुनेला दिला आणि माळ घेऊन पडवीत बसल्या. आपल्या हातून एक तप शुद्ध घडावं, आणि त्याचं पारणंही शुद्ध घडावं, एवढंच त्यांना हवं होतं. पारण्याचा पहिला घोट बिघडला तर आठ दिवस पाण्यात, अशी त्यांची समजूत.

आठवा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशी घरातलं कोणीच जेवत नाही, चुलीवर उकळतं ते फक्त पाणी. संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची उजळणी, झालं आणि सगळ्यांनी एकमेकांपुढं हात जोडले. वर्षभरात जाणता अजाणता जे काही दुखवलं असेल, त्याची क्षमा मागायची. "खमत खामणा," प्रेमाबाई सासूच्या पायांवर वाकून म्हणाली. "खमत खामणा," जतनबाई म्हणाल्या. बायका ते म्हणत म्हणत पुढं सरकत होत्या. लग्नात अक्षता टाकतात तसं; कोणावर पडल्या ते कोणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येण्याआधीच रिसोडहून जीप भरून बायका आल्या. पुढं धापूबाई, जतनबाईंची चुलत नणंद. ही बाई एकटी आली तरी वरात आल्यासारखं वाटे.

"भावजय, आठ दिवसांत रूप काय निघालं तुह्यं! आमी खाऊन खाऊन काळ्या पडलो."

जतनबाईंना पाटावर बसवलं. गाणी झाली. प्रेमाबाई आतून चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी घेऊन आली. अठाई सोडतात ती त्यानंच. घेवरचंदनं चमचा भरून आईच्या ओठांशी नेला.

पाणी कोमट होतं. आणि त्या कोमट पाण्यात, जिभेच्या अगदी मधोमध, एक कपची लागली. पातळ, टोकदार, गार.

आठ दिवसांच्या कोरड्या तोंडाला जे कळतं ते एरवी कळत नाही. जतनबाईंना काय झालं ते सगळं कळलं. काल घरात काही रांधलं नव्हतं. आज पहाटेपासून प्रेमाबाई पाव्हण्यांच्या नाश्त्यात. म्हणजे हे मूग परवाचे. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले. दोन रात्री ओलांडून आलेले.

थुंकावं तर समोर रिसोड बसलेलं. सुनेची अब्रू जाईल, आणि धापूबाई ती गोष्ट दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून वापरतील. गिळावं तर आठ दिवस गेले. सगळ्या बाया तोंडाकडं पाहत होत्या.

त्यांनी गिळलं.

"धन्य! धन्य!" धापूबाई ओरडल्या. "अन् सून पाहा कशी भेटली! नाई तर आमची. माह्या पारन्याले तिचं डोकं दुखते."

जीप गेल्यावर जतनबाई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. प्रेमाबाई पातेली आवरत होती. तिचाही काल उपास होता आणि अजून तोंडात काही गेलं नव्हतं.

"बिनणी," सुनेला त्या अशीच हाक मारत, "मूग कधीचे?"

प्रेमाबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. खोटं ती बोलली असती तर सगळ्यांचंच बरं झालं असतं.

"परवाचे. पाहाटं तीस मानसाइचा नाश्ता होता, माजी. दोन हातांनी काय काय करू? वाटलं, गरम केल्यावर काय समजते?"

"मले समजलं. आठ दिवस मातीत घातले माहे. ह्या चुलीपुढं मी जलम काढला. एक घास उरू देल्ला नाई, एक घास बासी होऊ देल्ला नाई. अन् तुह्यानं आठ दिवस माप सांभाळनं झालं नाई?"

एरवी इथं प्रेमाबाई खाली पाहत असे. आज तिनं पाहिलं नाही. उपाशी माणसाच्या तोंडाला कुलूप राहत नसावं.

"माप?" ती म्हणाली. "माजी, तुमच्या मापातलंबी रोज उरत होतं. मी लगन होऊन आली तवापासून."

"काय उरत होतं?"

"सगळंच. कधी दोन पोळ्या, कधी वाटीभर डाळ, कधी भात. तुमी पडवीत माळ घेऊन बसत होत्या, अन् मी ते खात होती. दिवस मावळाच्या आंधी, घाईघाईनं, उभ्यानं. भूक असो नसो. मोठी पोरगी पोटात होती, अन्न पाह्यलं की मयमय होये, तवाबी खाल्लं. खाऊन मोरीत जाऊन ओकली. अन् ज्या दिवशी कमी पडे, त्या दिवशी मी म्हनो, मले भूक नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भांडं पालथं दिसलं पायजे होतं ना तुमाले. तुमचं माप नव्हतं ते, माजी. माह्यं पोट होतं."

जतनबाई चुलीच्या कडेला टेकल्या.

"सांगतलं काहून नाई?"

"पह्यल्या वर्षी एकदा पोळी उरली होती. तुमी ती माह्यापुढं धरून चार बायाइत काय म्हनल्या, याद आहे? की बिनणीच्या माहेरी धान्य उकिरड्यावर पिकते."

जतनबाईंना आठवत नव्हतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, पण नुसत्या त्या चार बायांचं हसणं ऐकू आल्यासारखं झालं, आणि तेही खरं की आताच ऐकलं, ते सांगता येईना. गावात ज्या मापाचे दाखले देत होते, ते माप रोज संध्याकाळी मोरीपाशी उभं राहून गिळलं जात होतं.

"बिनणी," त्या म्हणाल्या. पुढचे शब्द ओठांवर होते, हातही जोडायला उचलले होते. "खमत..."

"ते कालच झालं ना, माजी," प्रेमाबाई म्हणाली आणि घासायची भांडी घेऊन मागच्या दारी गेली.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, सगळ्यांची जेवणं झाली. परात घेऊन विचारायला आज कोणी आलं नव्हतं. प्रेमाबाईनं मनानंच पीठ काढलं होतं, आणि ते चांगलंच जास्त झालं होतं. उरलेल्या पोळ्या तिनं फडक्यात गुंडाळल्या आणि सासूच्या देखत फ्रीजमध्ये ठेवल्या. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसली. बसून. जतनबाईंनी तिला असं सावकाश जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. ती चावून चावून खात होती. दीड पोळी झाल्यावर तिचा हात थांबला.

अर्धी पोळी ताटात होती. उष्टी, म्हणजे कपाटातही न जाणारी. जैनाच्या घरात ताटात टाकणं म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"संपव ना," जतनबाई हळूच म्हणाल्या. हुकूम नव्हता तो; विनवणीच होती.

"पोट भरलं," प्रेमाबाई म्हणाली. उठली, हात धुतले, आणि ताट तिथंच ठेवून पडवीत वाऱ्याला जाऊन बसली.

बाहेर दिवस मावळत होता. जतनबाई त्या अर्ध्या पोळीसमोर बसून राहिल्या. दुसऱ्याचं उष्टं त्यांना खाता येत नव्हतं, टाकताही येत नव्हतं, आणि सुनेला हाक मारायला तोंड राहिलं नव्हतं.