टाकीच्या तोंडात कापूस

माझा नवरा देवमाणूस होता, हे मला कोणी सांगू नका. संसार मी केला आहे.

आज यांना, म्हणजे सगळ्यांच्या नानांना, जाऊन वर्ष झालं. सकाळी विनोदनं, म्हणजे माझ्या पोरानं, घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. तेल्हाऱ्याच्या घरासमोर जुनी मोटार आणि बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असलेले हे. खाली लिहिलं, "बाबांचं मोटारप्रेम."

तेव्हापासून सगळे बदाम टाकून राहिले. "असा माणूस परत होणे नाही."

बरं आहे, होणे नाही.

विनोद, तू तेव्हा जन्मला नव्हतास. त्या मोटारीची गोष्ट मी सांगते.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. मी मॅट्रिक होऊन, मास्तरकीचं ट्रेनिंग करून, भातकुलीहून तेल्हाऱ्याला सून म्हणून आली. लग्नाआधी माझ्या बाबांनी यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. पोरीला नोकरी करू द्या.

हे म्हणाले होते, "करू द्या म्हंजे काय मामाजी, मी सोता नेऊन घालीन तिले शाळेत."

बाबा त्या एका वाक्यावर खूश होऊन घरी गेले.

वर्षभरात अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेतून मला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. नेमकी तेव्हाच यांनी कापसाच्या जिनिंगच्या एका मॅनेजरची जुनी मोटार विकत घेतली होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीला झाकण नव्हतं. कुठंतरी पडलं होतं.

आता आमच्या घरात सगळीकडे कापूस. कोठ्यात कापूस, माडीवर कापूस, न्हाणीच्या दारापर्यंत कापूस. यांनी मूठभर घेतला, बोळा केला आणि दिला टाकीच्या तोंडात कोंबून. वऱ्हाडात असंच. कान दुखला तर कापूस, बाटलीचं बूच हरवलं तर कापूस.

मी म्हटलं, "अहो, याचे तंतू आत जातीन."

"तुले काय समजते मोटारीतलं?"

मोटारीतलं नव्हतं समजत. पण रोज वाती मी वळायची. कापूस कसा सुटतो ते मला यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळीच मी तयार. धुतलेलं पातळ, सर्टिफिकेटांची पिशवी. म्हटलं, मी एसटीनं जाते.

"घरी मोटार असून बायको एसटीनं? लोक शेण घालतीन माह्या तोंडात."

हँडल मारलं, मोटार सुरू झाली. मी मागे बसली. वेशीपाशी गेलो आणि ठसकून बंद.

"कचरा आला असन कार्ब्युरेटरमधी. आत्ता काढतो. पाच मिनिटाचं काम हाय."

गड्यांनी ढकलत घरी आणली. यांनी अंगणात सतरंजी अंथरली. माझी, माहेरची. तिच्यावर कार्ब्युरेटर खोलला, फुंकला, पुसला, परत बसवला.

पुसला कशानं? कापसानं.

मोटार सुरू. वेशीपाशी बंद. परत ढकला.

मग प्लग काढले. मग पॉइंट घासले. मग बॅटरीच्या वायरीवर संशय. तोवर अर्धं गाव अंगणात येऊन उभं, आणि ज्यानं जन्मात बैलगाडीशिवाय काही हाकललं नाही, तोही सल्ला देऊन राहिला. यांना तर जेवणाचीही शुद्ध नव्हती. माझी कुठून असणार?

एसटी आमच्या घरावरूनच जायची. ती येताना दिसली, तशी मी पिशवी घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. माझा एक पाय पायरीवर.

मागून हे आले, हात पुसत.

"जाऊ दे बाप्पा तू. आमची मोटार सुरूच होऊन राहिली."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी पाय खाली घेतला. चार लोकांसमोर नव्या सुनेनं नवऱ्याला तोंडावर पाडू नये, असं मला शिकवलं होतं. आग लागो त्या शिकवणीला.

गाडी गेली.

दुपार कलल्यावर यांनी टाकी उतरवली. आत कापसाचा एवढा मोठा लपका. पेट्रोल वाहू लागलं की तो नळीच्या तोंडाला जाऊन चिकटायचा, मोटार थांबली की सुटायचा. म्हणून मेली दरवेळी सुरू व्हायची आणि दरवेळी वेशीपाशी बंद पडायची.

यांनी तो ओला लपका हातात धरून सगळ्यांना दाखवला. "सापडला लेकाचा." सगळे हसले. मला सगळ्यांसाठी चहा ठेवायला लावला. मी ठेवला.

मग मला म्हणाले, "चाल, बस. आता नेतो तुले."

"कुठं नेता? शाळा सुटली असन अकोल्याची."

"मंग चक्कर तं मारून आणतो."

त्या शाळेचं परत बोलावणं आलं नाही. पुढे तू झालास, मग सुनीता, मग सासूबाईंचं अंथरूण. बाबा भातकुलीहून आले की विचारायचे, "काय झालं बाई नोकरीचं?" मी म्हणायची, होईल. ते गेले तोवर मी होईलच म्हणत होती.

मला सारा जन्म वाटत राहिलं, यांनी ते मुद्दाम केलं. बायको बाहेर पडू नये म्हणून.

गेल्या वर्षी हे अमरावतीला दवाखान्यात होते. चांगले शुद्धीवर, नर्सबाईंशी गप्पा करत. मी एकदाचं विचारून टाकलं.

"माह्या अकोल्याच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी तुमी एसटी मुद्दाम जाऊ देल्ली का?"



"इंटरव्ह्यू? कोणाचा?"

मग चेहरा एकदम खुलला. "टाकीतून कापूस निघाला तो दिवस म्हणतं का तू? काय मज्जा आलती."

नाना, मुद्दाम केलं असतं तर मी माफ केलं असतं. त्याच्यासाठी तरी तुम्हाला माझ्या नोकरीचा विचार करावा लागला असता.

श्रद्धांजली वाहते. बायको आहे, वाहावी लागते.