कोपरच्या बाई आणि जाम झालेला बुश

ठाण्यातल्या एका कारखान्याच्या डिझाईनच्या साहेबानं आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपरच्या बाईंना फसवलं. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

बाई तुम्ही पाहायला हव्या होत्या. काहीही समजावताना उजव्या हाताची मूठ डाव्या पंजात धरायच्या आणि विचारायच्या, "टेकलं का?" दूधवाल्याशी बोलतानासुद्धा मूठ पंजातच.

नव्वद सालानंतरची गोष्ट. इंजिनिअरची नोकरी सोडून बाईंनी घरच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडला होता. यंत्राचा कुठला भाग तापल्यावर किती फुगेल, कुठे अडकेल, ते त्या पडद्यावर काढून दाखवायच्या. मी डोंबिवलीत एका जुन्या लेथवर सुरुवात केलेला माणूस. साहेबाच्या ड्रॉइंगप्रमाणे पितळी बुश, म्हणजे आखूड नळ्या, करून दिले होते. बाहेर पोलादी नळा, त्यात बुश, बुशात फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट. यंत्र तापलं की शाफ्ट जाम! साहेब म्हणाला, "तुझं काम खराब." हा शिक्का बसला असता तर मला कुणी दारात उभं केलं नसतं.

मी बाईंकडे धाव घेतली. बाईंनी पडद्यावर दोन्ही नळे काढले, आतलं पितळ तापवलं. पितळ फुगलं आणि सरळ पोलादातून आरपार गेलं.

मी उडालोच. "अहो बाई, भुताटकी आहे का ही?"

"पुढे भिंत आहे हे कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं, शेट."

"एवढी अक्कल नाही त्याला?"

"नाही ना! टेकल्यावर थांब, हेसुद्धा सांगावं लागतं."

ते सांगितल्यावर खरं कळलं. पोलादापेक्षा पितळ जास्त फुगतं. बाहेर जागा नाही, म्हणून ते आत सरकतं आणि शाफ्ट आवळतं. चूक ड्रॉइंगमधली होती, बुश आणि शाफ्टमधली फट कमी ठेवली होती.

बाईंनी काढलेली नवी फट मला फारच मोठी वाटली. मी म्हटलं, "नवीन फट जरा कमी धरा की."

"भाव माझ्याशी करा. पितळ ऐकायचं नाही."

मग बाईंनी साहेबाला घरी बोलावलं. पोहे दिले. पडदा दाखवून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा साहेब, बाहेर जागा नसली तर पितळ कुठे जाईल?"

"आत."

"अरे वा! मग शाफ्टचं?"

साहेबानं पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणतो कसा, "मला वाटलंच होतं. फट वाढवू या."

माझं डोकं सटकलं. तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझ्या हातात बशी कोंबली. "शेट, पोहे निवतायत."

नवे बुश झकास चालले. कारखान्यात साहेबाचा सत्कार झाला, दोष शोधून काढल्याबद्दल. बाईंचं नावही नाही. टाळ्या वाजवायला मला बोलावलेलं. मी तणतणत थेट कोपरला गेलो.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "शाल कुठल्या रंगाची होती हो?"

"बाई, तुमचं श्रेय गेलं!"

"तू चुकलास म्हटलं असतं, तर तो जन्मात कबूल झाला नसता. तुमचं नाव राहिलं ना? मग झालं."

आयुष्यभर मी घासाघीस केली. पण माझ्यासाठी कुणी आपलं असं काही देऊन टाकलं, आणि तेही मला न विचारता, हे एकदाच घडलं.

बाई पुढे लेकीकडे बडोद्याला गेल्या. तिथेच वारल्या. त्यांच्या हॉलमध्ये आता शिकवणी चालते. पोरं गोंगाट करतात. बाईंना आवडलं असतं.

मला मात्र आवडत नाही. साहेब, तुम्ही आहात अजून, परवाच ठाण्यात टेंभी नाक्यावर दिसलात. ती शाल घेताना बाईंचं नाव का घेतलं नाहीत? उत्तर द्या.