आतला माणूस

दुबईत कारिसाला नाव कोणी विचारत नसे. देश विचारत. तो केनिया म्हणाला की समोरचा मान हलवी आणि मनात नायजेरिया लिहून घेई. त्यानंतर नावाची गरजच उरत नसे. इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहायला जागा शोधताना त्याने जिन्याखाली चिकटवलेले कागद एकामागून एक वाचले होते. फक्त भारतीय. फक्त फिलिपिनो. फक्त मल्याळी, तेही शाकाहारी. शेवटी नोमान नावाच्या एका पाकिस्तानी ड्रायव्हरने त्याला आपल्या खोलीतला वरचा पलंग दिला. देताना दोनच प्रश्न विचारले, घोरतोस का आणि मासे शिजवतोस का. कारिसा दोन्हींना हो म्हणाला.

"सच बोलता है," नोमान म्हणाला. "चलेगा."

खरं बोलण्याचं चीज त्यानंतर बरेच महिने झालं नाही.

बाविसाव्या वर्षी मोंबासात त्याने तांब्याची केबल चोरली होती. बरोबर आणखी दोघे होते, पण तार कापणारा हात त्याचा होता. त्या तारेवर एक लहानसा दवाखाना चालत होता, हे त्याला कोर्टात कळलं. कोणी दगावलं नाही. एका बाईचं बाळंतपण मोबाइलच्या उजेडात करावं लागलं, एवढंच सरकारी वकिलाने सांगितलं. अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती संपलीही. तो मोबाइलचा उजेड मात्र त्याच्यात कुठेतरी लागूनच राहिला.

त्याची उंची बघून लोक आपणहून सांगत, सिक्युरिटीत जा. पण सिक्युरिटीला मायदेशाच्या पोलिसांचा कागद लागतो, आणि त्याच्या कागदावर ती एक ओळ होती. एका गोदामात त्याने ती लपवली. चौथ्या महिन्यात कागद मागितला गेला आणि त्याच दुपारी त्याच्या हातातलं ओळखपत्र काढून घेतलं गेलं. पुढच्या ठिकाणी त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, आपण जेलमध्ये होतो. मॅनेजरने खुर्ची मागे सरकवली. लपवलं तर चार महिने, सांगितलं तर चार मिनिटं. मग तो गाड्या धुऊ लागला. उन्हात उभ्या गाडीवर पाणी पडलं की वाफ निघते, आणि त्या वाफेत माणसाचा चेहरा दिसत नाही. त्याला ते बरं वाटे.

"जेल मत बोला कर," नोमानने त्याला समजावलं. "जेल सख़्त लफ़्ज़ है, बंदा डर जाता है. बोल, अंदर था. सब समझ जाते हैं, और बुरा भी नहीं लगता."

कारिसाने तो शब्द पाठ केला. अंदर. यापुढे जिथे जाईन तिथे पहिल्याच दिवशी हा शब्द सांगेन, असं त्याने ठरवलं.

करामा भागातल्या एका किराणा दुकानाच्या काचेवर त्याने कागद पाहिला: चपाती बनवणारा माणूस पाहिजे. इंग्रजीत लिहिलेल्या त्या ओळीतला एक शब्द त्याच्या घरचा होता. मोंबासातही चपातीला चपातीच म्हणतात.

कागद लावणारं डब्यांचं किचन त्या दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं. अंबादास शेळके आणि सविता हे नवराबायको ते अठरा वर्षं चालवत होते. त्यांच्या पोळ्या करणाऱ्या बाई मुलीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेल्या त्या परत आल्याच नव्हत्या.

"मला बाई हवी होती," कारिसाला बघून अंबादास मराठीत म्हणाले. "हा दरवाजाएवढा आहे."

"पोळीला उंची लागते का?" सविता म्हणाली.

तिच्या हिशेबी या धंद्यात माणसांच्या दोनच जाती होत्या. बाहेरची आणि आतली. बाहेरची माणसं डबे पोचवत, त्यांना बाहेरची हवा लागे आणि सहा महिन्यांत ती दुसरीकडे जात. आतली माणसं शेगडीपाशी उभी राहत आणि टिकत. म्हणून ती प्रत्येक नव्या माणसाला एकच प्रश्न विचारी.

"चपाती कहाँ सीखा?" तिने विचारलं. "उधर अंदर था कि बाहर?"

इतकं थेट त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"अंदर," तो म्हणाला.

"कितना टाइम?"

"अठारह महीना."

"बीच में छुट्टी?"

"अंदर छुट्टी नहीं होता, मॅडम."

सविताने नवऱ्याकडे बघितलं, ऐका म्हणून. "रोज कितना चपाती?"

"तीन सौ. बडा साहब लोग का मेस."

"फिर छोडा कायको?"

"टाइम फिनिश. खलास."

"कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून सोडलं," सविता मराठीत म्हणाली. "मालकाशी भांडण नाही, काही नाही. आता कुठे मिळतो असा माणूस?"

कारिसाला वाटलं, आपलं बोलणं नीट पोचलं नसेल. त्याने पुन्हा म्हटलं, "मॅडम, समझा ना? मैं अंदर था."

"अरे हाँ हाँ, समझा. हमको अंदरवाला आदमीच मांगता है. अंदरवाला टिकता है."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा.

त्याने पहिली चपाती त्याच्या पद्धतीने केली, तेल लावून, गुंडाळून, शंखासारखी वळवून लाटलेली. सविता म्हणाली, हा पराठा झाला. तिने दाखवलं: तेलाचं बोट, थोडं पीठ, एक घडी, त्यावर दुसरी घडी, मग कडेकडेने लाटायचं. चौथी पोळी तव्यावर टम्म फुगली. अंबादासांनी तिचे पदर सोडवून पाहिले आणि ती खाऊन टाकली.

"अठराशे दिरहॅम," सविता म्हणाली. "यानी बयालीस हजार रुपया." कारिसाचे पैसे शिलिंगमध्ये मोजले जात, तरी त्याने मान डोलावली. व्हिसा किचनच्या नावावर, सहा महिने प्रोबेशन, मग कायम.

ते सहा महिने त्याच्या आयुष्यातले चांगले महिने होते. भाज्यांकडे महादू होता, चिपळूणचा. त्याने पहिल्या आठवड्यात कारिसाचं नाव काळूराम ठेवलं. दोन दिवस सविताने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "महादू, तू आणि तो शेजारी उभे राहा बरं. मला दुरून सांगता येत नाही कुणाला हाक मारतोस ते." महादूने नाव बदललं नाही लगेच, पण आवाज खाली आणला, आणि पुढे कधीतरी ते आपोआप कारिसा झालं. कारिसा सविताला मामा म्हणे. त्याच्या भाषेत मामा म्हणजे आई. महादूला हसू आवरेना. मग डबे पोचवणारेही तिला मामा म्हणू लागले आणि अंबादास वैतागून म्हणाले, "म्हणजे मी आता मामी का?"

कारिसा सकाळी चारशे पोळ्या लाटायचा. त्याच्या मनात एकच होतं. या लोकांना माझं माहीत आहे, तरी यांनी मला पिठापाशी उभं केलं. त्या विश्वासाला जागायचं, म्हणून तो ओटा दोनदा पुसायचा, कुणाचं काम राहिलं तर न सांगता करायचा.

प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते तेव्हा ऊद मेथा भागातल्या एका शाळेचं काम आलं. दोनशे मुलांचे डबे. एवढं मोठं काम अठरा वर्षांत आलं नव्हतं. शाळेची अट होती की स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाचा मायदेशाच्या पोलिसांचा कागद हवा. शेळक्यांची मुलगी इशिता कॉलेजला होती आणि घरची सगळी कागदपत्रं तीच बघे. तिने सगळ्यांचे कागद मागवले. कारिसाने नैरोबीहून आलेला कागद तिच्या हाती दिला आणि कणकेकडे वळला.

इशिताने तो उभ्याने वाचला. मग बसून वाचला.

"बाबा, कम हिअर. डिड यू नो धिस?"

अंबादासांनी चष्मा लावला. त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"छह महीना," ते कारिसाला म्हणाले, "छह महीना मेरे किचन में खडा रहा, और छुपाया?"

कारिसाने कणीक ठेवली. "नहीं सर. पहला दिन बोला. मामा पूछा, अंदर था कि बाहर. मैं बोला, अंदर. अठारह महीना. दो बार बोला."

सविताने पिठाच्या पोत्यावर हात टेकला आणि मग त्यावर बसलीच.

"च्यायला," महादू म्हणाला.

"मीच विचारलं," सविता म्हणाली. "आणि मीच ऐकलं नाही."

"म्हणजे त्याने गुन्हा कबूल केला," अंबादास म्हणाले, "आणि आपण तो अनुभव म्हणून धरला."

"आय रोट इट, बाबा," इशिता बारीक आवाजात म्हणाली. "स्कूलच्या फॉर्मवर. एटीन मंथ्स, इंडस्ट्रियल किचन."

महादू वळून भिंतीकडे तोंड करून हसला. कारिसा हसला नाही. मराठी त्याला कळत नव्हती, पण चेहरे कळले. सहा महिने ज्याला तो क्षमा समजत आला होता, ती ऐकण्यातली चूक होती. इथे कोणी त्याला माफ केलं नव्हतं. कोणाला काही माहीतच नव्हतं. त्याने ॲप्रनची गाठ सोडायला हात मागे नेले.

"रुक," अंबादास म्हणाले. "क्या किया था?"

हा प्रश्नही कोणी विचारला नव्हता. गोदामात नाही, खुर्ची मागे सरकवणाऱ्या मॅनेजरने नाही. कारिसाने सांगितलं. केबल, दवाखाना, ते बाळंतपण. सगळं मोडक्या हिंदीत, एकही शब्द न वगळता. सविताने विचारलं, बाळ कसं आहे? त्याला माहीत नव्हतं. आता आठ वर्षांचं असेल, तो म्हणाला. मुलगा की मुलगी तेही माहीत नाही.

अंबादासांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. ते धंद्यातले गृहस्थ होते आणि त्यांना एक सोपी वाट दिसत होती. "इशिता, यादीतून ह्याचं नाव काढ. बाहेर तो जातच नाही. शाळा कशाला बघायला येते?" मग हिंदीत कारिसाला, "तेरा नाम नहीं भेजेगा. कोई टेन्शन नहीं."

"नहीं सर," कारिसा म्हणाला. "नाम भेजो. पेपर भी भेजो. वो नो बोले तो नो. मैं खुद जाएगा. मगर छुपाके नहीं. गोदाम में छुपाया, रोज डर."

"दोनशे डबे आहेत अन् ह्याला शहाणपण सुचतंय," अंबादास मराठीत म्हणाले.

"त्याने आपल्याला खरं सांगितलं तेव्हा आपण बहिरे होतो," सविता म्हणाली. "आता ऐकू आलंय. आता खोटं लिहिलं तर ते आपलं. नाव काढायचं असेल तर तिथे पोळ्या तुम्ही लाटा."

अंबादासांना पोळ्या येत नव्हत्या. पण तेवढ्यासाठी त्यांनी ऐकलं असं नाही. त्यांनी इशिताला समोर बसवलं आणि पत्र सांगितलं. आमच्याकडून फॉर्मवर चूक झाली आहे. हा माणूस अठरा महिने तुरुंगात होता, चपाती तिथेच शिकला. ही गोष्ट त्याने आम्हाला पहिल्या दिवशी सांगितली. आम्ही समजून घ्यायला उशीर केला. काम त्याचं चोख आहे. सही करताना त्यांचं पेन अडखळलं, मग झाली सही.

शाळेच्या ऑफिसमध्ये अपर्णा नावाच्या बाई हे काम बघत. त्यांनी अंबादासांना आणि कारिसाला बोलावून घेतलं. टेबलावर तो कागद होता.

"अकरा वर्षं मी हे कागद गोळा करतेय," त्या अंबादासांना म्हणाल्या. "सगळे स्वच्छ येतात. असा कागद कोणी आपणहून पाठवलेला नाही. याचं काय करायचं असतं तेच मला माहीत नाही."

मग त्यांनी कारिसाला इंग्रजीत बरेच प्रश्न विचारले. त्याने उत्तरं दिली. नाव त्यांनी दोनदा विचारलं, नीट लिहून घेण्यासाठी.

पुढचे पाच दिवस शाळेकडून उत्तर आलं नाही. कारिसा चारशे पोळ्या लाटत राहिला. महादू त्याच्यासाठी रोज न सांगता चहा ठेवू लागला. साखर जास्त. सहाव्या दिवशी मेल आला आणि इशिताने तो मोठ्याने वाचला. काम शेळक्यांना. कारिसाने या वर्षी शाळेच्या आवारात यायचं नाही. किचनमध्ये काम करायला हरकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचार होईल.

"अर्धंच हो आहे," सविता म्हणाली.

"अर्धा बहुत है, मामा," कारिसा म्हणाला. त्याला आजवर पूर्ण 'नाही'च मिळत आलं होतं.

अंबादासांनी खणातून त्याच्या कायम नोकरीचा कागद काढला. पत्राच्या दिवशीच तो छापून ठेवला होता, हे तारखेवरून सगळ्यांना दिसलं.

शाळेच्या डब्यांच्या पहिल्या सकाळी सविताने ओट्यावर एक बशी ठेवली. मुलांची पोळी एवढी लहान हवी होती. कारिसाने लाटली ती नेहमीसारखी मोठी झाली. दुसरी जरा लहान झाली, पण जाड.

"छोटा हाथ से," सविता म्हणाली. "आठ साल का बच्चा खाएगा."

तो थांबला. लाटण्यावरची बोटं त्याने थोडी आत घेतली, गोळा अर्धा केला, आणि अगदी हलक्या हाताने कडा फिरवत गेला. तिसरी बशीएवढी झाली. त्याने ती तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला. मुलांच्या चारशे पोळ्यांपैकी अजून तीनशे नव्याण्णव राहिल्या होत्या.