येलदरीचं पाणी बघायला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. दोन-तीनदा अगदी तोंडाशी आलं होतं – आणि दरवेळी मी पावसापाण्याचं काहीतरी काढून विषय बदलला. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

माझी धाकटी बहीण रेखा. नऊ वर्षांपूर्वी ती सासरहून आमच्या घरी पेडगावला आली. एका हातात पिशवी, कडेवर तीन वर्षांची सोनू. सासर येलदरीच्या धरणापलीकडं, हिंगोलीच्या बाजूला. आमचे वडील, अण्णा, शाळेतून रिटायर झालेले मास्तर. ते तिला एवढंच म्हणाले, "तुझ्या मनात आलं तर जा. न्हाई आलं तर हे घर हाय." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. सोनूला पाटी आणून दिली आणि रोज सकाळी तिला अक्षरं गिरवायला बसवू लागले.

मी तेव्हा परभणीला एका कचेरीत क्लार्क होतो, रोज ये-जा करायचो. माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. पाहुणे यायचे, पोहे व्हायचे, मग कुणीतरी सहज विचारायचं – ह्या कोण? बहीण. सणाला आल्यात का? – आणि आई चहा आणायला आत जायची. दोन ठिकाणांहून नकार आला. रेखामुळं, असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच तसं ठरवलं. तिसरी मुलगी मला मनापासून आवडली. तिच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मी म्हणालो, बहीण दिवाळीच्या आत सासरी जाणार आहे. कुणाला विचारून म्हणालो? कुणालाच नाही.

ती का आली होती हे मला माहीत नव्हतं, असं लिहिता आलं असतं. पण माहीत होतं. मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालताना तिनं मला सांगितलं होतं, "कडी लावून मारतो, दादा. सोनू दाराबाहेर रडत बसती." मी म्हणालो, बघू.

गणपती उठले आणि धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. जो तो पाणी बघायला निघाला होता. मी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. रेखाला म्हणालो, चल, येलदरीला जाऊन येऊ, सोनूला पाणी दाखवू. ती लगेच तयार झाली. अण्णांचा गुडघा धरला होता, ते घरीच थांबले; आई आमच्याबरोबर निघाली. आईला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सकाळी तिनं रेखाची लुगडी, सोनूचे फ्रॉक एका पिशवीत भरून माझ्याकडं दिले. ती पिशवी मी डिकीत स्टेपनीमागं ठेवली. आईचं नाव घेऊन मला सुटायचं नाही – ती माझ्याच डोक्यातली गोष्ट होती.

आणखी एक केलं. ते मी स्वतःशीसुद्धा कधी नीट आठवत नाही. गाडीचं मागचं दार उघडलं की कडेला एक बारीकसा खटका असतो. तो खाली केला की ते दार आतून उघडत नाही. निघण्याआधी मी दोन्ही बाजूंचे खटके खाली केले. सोनू लहान आहे, चालत्या गाडीत दार उघडेल – असं मनात म्हणालोही. खरं काय ते माझ्या बोटांना माहीत होतं.

जिंतूर सोडल्यावर टेकड्या हिरव्या लागल्या. धरणावर गर्दी होती. खाली पांढरा फेस नुसता धडधडत होता, आणि मागं बघावं तर पाणी अगदी शांत, टेकड्यांच्या पायापर्यंत पसरलेलं, लांबवर मासे धरणाऱ्यांची एक होडी. आम्ही त्या शांत बाजूला काठावर बसलो. सोनू पाण्यात खडे टाकत होती. रेखानं पाण्यात पाय सोडले होते. दशम्या सोडल्या, तिनं बुक्कीनं कांदा फोडला आणि पहिली फोड माझ्या दशमीवर ठेवली. "किती दिवसांनी बाहेर पडले रे, दादा," म्हणाली. हसली.

तेव्हा तरी परत फिरता आलं नसतं का? आलं असतं. ती सोनूचे हात धुवायला खाली गेली, तेव्हा मी चहाच्या टपरीमागं जाऊन तिच्या नवऱ्याला फोन लावला. अर्ध्या तासात पोचतो, म्हणालो.

गाडी धरणावरून पुढं निघाली तसं तिनं विचारलं, "आपला रस्ता तिकडं राहिला ना?" मी म्हणालो, थोडं पुढून वळवतो. दोन वळणं गेली. मग ओळखीची झाडं, ओळखीची गावं लागली असणार.

"दादा, आपण तिकडं जायलोत का?"

आई माझ्या शेजारी समोर बघत बसली होती. मागं दाराचा दांडा ओढल्याचा आवाज आला. एकदा. मग दुसऱ्या बाजूचा. मग काहीच नाही. तिनं आरडाओरडा केला नाही – सोनू मांडीवर झोपली होती. माझ्या सीटवर तिनं हात ठेवला.

"गाडी वळव, दादा. मी काही मागणार न्हाई तुला."

मी गाडी हळू केली नाही.

"अण्णाला फोन लाव. एकदा बोलू दे."

"रेंज न्हाई," मी म्हणालो. रेंज होती.

ते दार बाहेरूनच उघडतं. तिच्या नवऱ्यानं उघडलं. रेखानं पदर डोक्यावर घेतला, झोपलेल्या सोनूला खांद्यावर टाकलं, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि आत गेली. सासूनं आम्हाला चहा केला. मी तो प्यालो.

घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी गाडीच्या मागच्या सीटकडं बघितलं. मी म्हणालो, धरणावर बसल्या बसल्या तिच्याच मनात आलं, म्हणाली मला घरी सोड. "मला सांगून तरी जायची," अण्णा एवढंच म्हणाले. आई चुलीकडं गेली.

दिवाळीनंतर माझं लग्न झालं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा दवाखान्यात होते. रेखा एसटीनं आली. माझ्या गाडीत ती बसत नाही, मळमळतं म्हणते. अण्णांनी तिचा हात धरला. म्हणाले, "तवा मला राग आला व्हता, बाई. पण तू आपल्या मनानं गेलीस, बरं केलंस."

रेखानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ ते सांगता येत नाही. या सात वर्षांत तिला पहिल्यांदा कळलं होतं मी घरी काय सांगितलं ते. मग ती अण्णांकडं वळली.

"हो, अण्णा. माझ्या मनानंच गेले."

तिनं त्यांची चादर नीट केली. मला तेव्हा बोलता आलं असतं. अण्णा शुद्धीवर होते, सगळं ऐकत होते. मी पाण्याची बाटली उचलली आणि भरून आणायला बाहेर गेलो. बाटली अर्धी भरलेलीच होती.

आठ दिवसांनी अण्णा गेले. रेखा तेराव्यापर्यंत राहिली आणि एसटीनं परत गेली. दरवर्षी राखी बांधते. तिला आता उजव्या कानानं ऐकू येत नाही. सर्दीनं गेला, म्हणते. मी आपसूक तिच्या डाव्या बाजूला बसून बोलतो.

तिला तिथं मी नेऊन सोडलं. तिला जायचं नव्हतं.