गेटवरचा पास आणि सर्व्हरचं कुलूप

"मॅडम, चार वाजेपर्यंत ते कुलूप काढा. नाहीतर उद्यापासून पुन्हा रजिस्टर." अधीक्षक सर माझ्या टेबलापाशी उभ्याउभ्याच बोलले.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी सिस्टिम अ‍ॅडमिन होते. लॅबचे रिपोर्ट नुकतेच वेब सर्व्हरवर आले होते. वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान काढून देणारा कॉम्प्युटर. 'मागेल त्याला' हीच तर भानगड! म्हणून मी कुलूप लावलं: रिपोर्ट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवरच दिसतील, कँटीनच्या नाही.

कुलूप लागलं आणि सर्व्हर रांगायला लागला. लहान मुलांच्या वॉर्डच्या सुलभा सिस्टर सकाळीच कडाडल्या होत्या. "डेंगूचं लेकरू हाये माह्याकडे. त्याच्या प्लेटलेट पाहाले मले पाच मिनिटं लागून राह्यले. पळत लॅबमंदी गेली असती तं लवकर आली असती!"

चूक काय होतं त्यांचं! पण कुलूप काढायला हात धजेना. पूर्वी रजिस्टर लॅबच्या खिडकीत उघडंच पडलेलं असायचं, येणाराजाणारा वाचायचा. तळेगावची एक बाई रिपोर्ट घेऊन घरी पोचली, त्याआधी तिचा आजार घरी पोचला होता. सासरच्यांनी दारातूनच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या पायरीवर बसलेली दिसली, पिशवी मांडीवर घेऊन.

डोकं चालेना म्हणून चहाला बाहेर पडले. भेटीची वेळ होती, गेटवर ही गर्दी. पण आमचे वॉचमन गणपतभाऊ माणसं भराभर आत सोडत होते.

"भाऊ, नाव नाही विचारत कोणाला?"

"नाव इचारलं तं वर फोन करा लागते, हा तुमचाच मानूस हाये का म्हणून. लाईन जाईन ना रस्त्यावर! मी पासचा नंबर पायतो. एक ते चाळीस बाळंतिणीचा वॉर्ड, पुढचे साठपावेतो लेकरांचा. नंबर नाई जुळला तं कोनीबी असो, आत नाई."

चहा राहिला तिथेच. मी पळाले.

गाढवपणा माझाच होता. वाचायला सोपी म्हणून मी कुलपाच्या परवानगीच्या यादीत कॉम्प्युटरची नावं लिहिली होती. पण कॉम्प्युटर सर्व्हरच्या दाराशी येतो तो नेटवर्कमधला आपला नंबर घेऊन. या नंबराचं नाव काय, हे सर्व्हर दर वेळी दुसऱ्या एका मशीनला विचारत बसायचा, आणि ती मशीन आधीच दमेकरी. रिपोर्टच्या पानावर लोगो, रेघा, चित्रं. प्रत्येकासाठी नवी विचारपूस. मी नावं खोडली, वॉर्डावॉर्डांचे नंबर लिहिले. लोगोचं कुलूप काढूनच टाकलं. तो गेटच्या पाटीवर रंगवलेलाच होता.

पावणेचारला सिस्टरना फोन केला. "आता उघडा."

"अवो, आलं बी! मॅडम, प्लेटलेट वाढून राह्यल्या त्याच्या!" माझे डोळे पाणावले, खोटं कशाला सांगू.

मग सरांना घेऊन कँटीनच्या कॉम्प्युटरवर गेले. तोच रिपोर्ट मागितला. पडद्यावर आलं, 'परवानगी नाही.' सर एवढंच म्हणाले, "राहू द्या कुलूप."

दुसऱ्या दिवशी गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन गेटवर गेले. "भाऊ, तुमच्यामुळे वाचले मी."

"म्या काय केलं?" असं म्हणत त्यांनी पुडा घेतला आणि मी आत निघाले तर हात आडवा घातला. "मॅडम, कार्ड?"

कार्ड घरी राहिलं होतं, सिंदी मेघेला. भर उन्हात स्कूटर परत फिरवली. राग आला नाही. लॅबच्या त्या खिडकीत एक गणपतभाऊ बसवला असता, तर तळेगावची ती बाई आपल्या घरात गेली असती.