निंबाच्या खोडावरची गाठ

वडील गेल्यावर मला काही वाटलं नाही. बाया गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचे. वर्ष होत आलं तरी तेच. लातूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचं, घरी येऊन भात टाकायचा, झोपायचं.

एक दिवस आईचा फोन आला. झाडाला कायतरी आलंय, तू शिकलेली हाईस, येऊन बघ, एवढंच म्हणाली.

झाड म्हणजे अहमदपूरच्या पुढे, आमच्या गावाबाहेरच्या माळावर वनखात्याची झाडी आहे, तिथला एक कडुनिंब. वडील रोज सकाळी तिथवर फिरायला जात. आमचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर; सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आईसुद्धा. अस्थी नदीत सोडून पाणी नासवू नका, त्या निंबाखाली पुरा, असं त्यांनी आजारपणातच बजावून ठेवलं होतं. आम्ही पुरल्या. तेव्हापासून आई रोज तिथे जाते. पूजाबिजा काही नाही, असलं आमच्यात चालत नाही. नुसती बसून येते, म्हणायची.

मी सकाळच्या एसटीने गेले. धाकटा भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता. झाडाला काय झालंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, तूच बघ, माझं ऐकशील तर करवत लावावी आणि वर डांबर फासावं. मला घरी सोडून तो लगेच शेताकडे निघून गेला.

आई आणि मी झाडीत शिरलो. पाऊस सरत आला होता. आई पावलापावलाला थांबायला लागली. करंजाच्या पानांवर पुरळ उठावं तसे फोड आले होते. हे काय, म्हणाली. मी सांगितलं, डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक किडे असतात, त्यांच्यामुळे पान असं सुजतं. पडलेल्या ओंडक्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. त्या मेलेल्या लाकडावर जगतात, मी म्हणाले. पुढे एका बाभळीवर बांडगूळ होतं. ते झाडाचं पाणी पितं, फार माजलं तर फांदी वाळते. दर वेळी तिचा पुढचा प्रश्न एकच, मरंल का झाड? हजेरी घ्यावी तशी मी उत्तरं देत गेले. खरं सांगायचं तर मला त्या झाडांचंही काही पडलेलं नव्हतं.

निंबाच्या खोडाला, माणसाच्या गळ्याच्या उंचीवर, डाव्या अंगाला नारळाएवढी गाठ होती. वडिलांना गळ्याचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांची गाठही त्याच अंगाला होती. हे आई बोलली नव्हती, भाऊ बोलला नव्हता, आणि आता मीही बोलले नाही. गुरुजींच्या घरात असं म्हणायचं कुणी? अंधश्रद्धा झाली असती ना. तिघांनीही आपापली तोंडं शिवून घेतली होती. गाठ आधीपासून होती की नंतर आली, हेही कुणाला छातीठोक सांगता येईना.

गाठीवर पिवळा थर होता, वाळून तडकलेला. ओलीची बुरशी असणार, मी म्हणाले. फोटो काढून कॉलेजातल्या एका सरांना पाठवला. बुरशीच दिसतेय, पण जरा वेगळी आहे, नमुना घेऊन या, असं त्यांनी कळवलं. आई ऐकत होती. मी पदराची पिन काढून थर खरवडला, नाकाशी नेला, तर कैरीसारखा वास. आंबेहळद होती ती. दोन प्राध्यापकांनी मिळून हळदीच्या लेपाची बुरशी करून टाकली होती.

मी आईकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"गुरुजींनी लावू दिला न्हाई," ती म्हणाली. "लई येळा उगाळला म्या. म्हणले, जलमभर लोकायला दवाखान्यात जा म्हणून सांगितलं, आता मीच लेप फासून बसू का? तसाच वाटीत वाळून जायचा."

दवाखाना वडिलांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. लेपाने काही झालं नसतं, हे आईलाही ठाऊक होतं.

मी गाठ नीट तपासली. साल शाबूत, कुठे भोक नाही, चीक नाही, वरच्या फांद्या हिरव्यागार. मी आईला सांगितलं, कधीतरी मार लागला असेल, झाडाने लाकूड वाढवून ती जागा झाकून घेतली. कापायचं काही कारण नाही. अशी गाठ घेऊन झाडं कैक वर्षं जगतात.

आता तिचा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं. तिने गाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"मंग त्यायची गाठ अशी का नव्हती, बाई?"

झाडात आणि माणसात फरक असतो, पेशी वेगळ्या, वाढ वेगळी, असं बरंच सांगता आलं असतं. मी पिन परत पदराला लावली. आई म्हणाली, बस जरा. मी तिच्याशेजारी मातीत बसले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मला माझे वडील हवे होते.