टोचण्याआधी सांगावं

लोकांचं रक्त काढणं हा माझा धंदा आणि लोकांचं रक्त पिणं हा वन्संचा. हे मी आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा बोलले तेव्हा बाकावरचे सगळे हसले होते, आणि एका म्हाताऱ्यानं हसता हसताच हात पुढे केला होता. सुई कधी आत गेली ते त्याला कळलंही नाही. तरी मी 'टोचतेय हं' म्हणाले होतेच. न सांगता मी आजवर कुणाला टोचलेलं नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. कथा लिहितात. लग्न केलं नाही, वीज कंपनीच्या कचेरीत टायपिंग करण्यात उभा जन्म काढला आणि आमच्याच घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत राहिल्या. घरातली सगळ्यात उजेडाची खोली ती. तिथे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि कपाटात मासिकांचे गठ्ठे. जिथे जिथे वन्संची कथा छापून आली ते सगळे अंक. त्यांतली निम्मी मासिकं कधीच बंद पडली. वन्संच्या कथा छापूनच पडली असणार, असं माझं मत आहे. संग्रह चार. चौथ्याच्या प्रती आमच्या पलंगाखाली खोक्यांत आहेत आणि केर काढताना रोज मी वन्संच्या नावानं बोटं मोडते.

त्यांची लिहायची रीत सांगते, म्हणजे कुणी तरी सावध होईल. एरवी घरात ही बाई इकडची काडी तिकडे करत नाही. पण कुणी रडत आलं, भांडून आलं, की वन्संच्या मांडीवर लगेच सोलायच्या शेंगांचं सूप. मान खाली, बोटं चालू, मधूनच 'मग गं?' एवढंच. समोरचा बिचारा मोकळा होतो. काही महिन्यांनी त्याचं घरदार मासिकात. बाईचे कुरळे केस सरळ केलेले असतात आणि नवऱ्याची नोकरी बदललेली असते, बस्स. धाकट्या भावजींनी त्यापायी आमच्याकडे येणं सोडलं. शेजारीण तर वन्संच्या हातात शेंगा दिसल्या की चहाचा कप अर्धा टाकून उठते.

"ताईचा स्वभावच आहे तो. तू मनाला लावून घेऊ नकोस," असं आमचे हे म्हणतात. बहिणीपुढे यांच्या तोंडाला कायमचं कुलूप.

पण मी मनाला लावून घेतलं आणि त्याला कारण आहे. माझं पहिलं बाळ जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. मुलगा होता. दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी सगळे पानावर बसले, पण कुणाच्या घशाखाली घास उतरेना. मला मात्र भूक लागली होती. मी भात खाल्ला आणि परत मागून घेतला. वन्सं समोरच होत्या. हातात शेंगा नव्हत्या, म्हणून मी गाफील राहिले.

वर्षाच्या आत कथा आली. नाव 'पुन्हा भात'. तिला बक्षीसही मिळालं. कथेतल्या बाईचं मूल जातं आणि त्याच संध्याकाळी ती दोनदा भात घेते, घरातले तिच्याकडे बघत राहतात. बाईच्या मनात काय चाललंय, यावर चकार शब्द नाही. नात्यातल्या झाडून सगळ्यांनी ती वाचली. मामेसासूबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "काय गं, भूक बरी लागते ना?" त्या दिवसापासून वन्संसमोर मी दुसऱ्यांदा भात घेतलेला नाही. पहिल्या वाढणीवर हात धुते. मग सगळे उठले की ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच काय खायचं ते खाते. माझ्याच घरात, चोरासारखी.

नंतर मुलगी झाली. तिला मी यातलं काही कळू दिलं नाही. तिला आत्या म्हणजे जीव की प्राण. ती शिकायला परदेशी गेली, आणि माझं नशीब बघा, वन्संना बोलावणं आलं तेही त्याच शहरातून. तिथल्या एका कॉलेजात आपल्या भाषेत लिहू बघणारी पोरं आहेत, त्यांना मार्गदर्शन करायला. नोकरी संपल्यापासून वन्सं दर वर्षी जातात. पोरं विमानतळावर घ्यायला येतात, बॅगा उचलतात, मागेपुढे करतात. इथे ज्यांचं पुस्तक पलंगाखाली धूळ खातंय त्या तिथे 'मॅडम'. लेक त्याच गटात शिरली. माझ्या पदरी एकच उरलेली, तीही वन्संच्या तालमीत! मला धास्ती एकच होती: ही पोरगीही उद्या शेंगा सोलायला बसणार आणि समोर मी असणार. मग मला माझं म्हणायला या घरात कुणी उरणार नव्हतं.

झालंही तसंच. वन्सं तिकडून परत आल्या आणि पाठोपाठ लेकीचा फोन.

"आई, मी तुझ्यावर कथा लिहिलीय. आमच्या गटाचं पुस्तक निघतंय, त्यात घ्यायचीय. पण तू हो म्हणालीस तरच. नाही म्हणालीस तर फाडून टाकेन. ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं, हा आत्यानं यंदा केलेला नियम आहे. ती म्हणते, टोचण्याआधी सांगावं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे माझं वाक्य! नव्यानं कामाला लागलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते ते. बाईनं माझी भूक नेली ती नेली, आता माझी सुईसुद्धा परदेशात नेऊन मिरवली.

रविवारी संध्याकाळी जेवताना वाचायचं ठरलं. मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. एका बाजूला हे, समोर वन्सं, मधे भाताचं पातेलं. स्क्रीनवर लेकीचा चेहरा, नुकताच झोपेतून उठलेला, केस नीट विंचरलेलेही नाहीत. तिनं घसा साफ केला आणि सुरुवात केली.

कथेतली आई रक्त काढते आणि फोनवर लेकीजवळ नणंदेच्या नावानं खडे फोडते. मी जे जे बोलले होते ते सगळं त्यात होतं. कथा छापून मासिकं बंद पाडणारी. काडी न उचलणारी, पण दुसऱ्याचं घर उकरायला पहिली. 'तिकडेच राहिली तर पेढे नंतर, आधी रंगारी बोलावीन आणि ती खोली रंगवून घेईन.' यांना ठसका लागला. माझे कान तापले. वन्सं शांतपणे जेवत होत्या.

"तुम्ही हे वाचलंय?" मी विचारलं.

"वाचलंय की."

"आणि तसंच ठेवलंत?"

"का नको? कथेतली जिवंत वाक्यं तेवढीच आहेत. पोरीनं काही मऊ केली होती, ती मी तिला परत कडक करायला लावली."

बघा. ही बाई भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही.

लेक शेवटाकडे आली. "माझी आई दुसऱ्यांदा भात घेत नाही. सगळ्यांना पुरावा म्हणून ती आयुष्यभर स्वतःची भूक मारत आली. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही." तिनं वर पाहिलं. "आई? छापू?"

हे डोळे पुसत होते. हो म्हणणं किती सोपं होतं! त्यागाची मूर्ती व्हायला कुणाला आवडत नाही? लेकीच्या हातून फुकटात होत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "शेवट खोटा आहे. मी तिला बजावलं होतं, आईला विचार म्हणून."

"तुम्हाला माहीत आहे मी भात का घेत नाही ते?"

"मी बघते गं. तेव्हापासून बघतेय. पहिल्या वाढणीवर उठतेस."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलात!"

"काय बोलणार होते?"

माझा तोल गेला. मी मोबाइलकडे वळले. "ऐक. मी कुणासाठी भूक-बिक मारत नाही. 'पुन्हा भात' वाचलीस ना? ती बाई मी आहे. तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता."

लेक हळू आवाजात म्हणाली, "आई, ती कथा आत्या आम्हाला दर वर्षी शिकवते. त्या बाईबद्दल काय वाटलं ते लिहायला सांगते. सगळे तिला दगड म्हणतात. मी... मी सगळ्यात वाईट लिहिलं होतं. आत्यानं ते वर्गात वाचून दाखवलं."

"ताई!" हे ओरडले. जन्मात पहिल्यांदा यांचा आवाज बहिणीवर चढला.

वन्संचा घास हातातच राहिला. "मी तिला दगड कुठेच म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "लोक त्यांच्या मनानं वाचतात."

"ती का जेवली ते तरी लिहायचं होतंत!"

"ते मला माहीत नव्हतं."

"मग विचारायचं होतंत! भिंतीपलीकडे होते मी!"

वन्संनी घास ताटात परत ठेवला. कथेत असतं तर त्यांनी यावर उत्तर शोधलं असतं.

लेक रडायला लागली होती. मी म्हटलं, "रडू नकोस. छाप. माझ्या तोंडचं एक अक्षर काढू नकोस, अगदी रंगाऱ्यासकट. फक्त शेवट बदल. लिही, की तिला भूक लागली होती. छातीत दूध उतरत होतं, प्यायला कुणी नव्हतं, आणि भूक दोघांची लागली होती. म्हणून ती जेवली."

मग मी डाव उचलला आणि पुन्हा भात वाढून घेतला. चांगला ढीगभर. खाली बसून, सगळ्यांसमोर, कालवून खायला लागले. यांनी आमटी पुढे केली ती घेतली. वन्संनी मीठ सरकवलं ते घेतलं नाही.

त्या माझ्याकडे बघत होत्या. समोर शेंगा नव्हत्या, तरी त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती. ही बाई माझ्या घासांतसुद्धा वाक्यं शोधत होती. मी ओळखते ना. मग त्या बोलल्या, आणि तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"हे लिहू का गं मी? ती कथा मला पुन्हा लिहायला हवी. मरायच्या आधी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं. मी तोंडातला घास नीट चावला आणि गिळला.

"नाही," मी म्हणाले, आणि पातेलं आणखी जवळ ओढलं.